भिंतीवर घेतलेलं माप

मिठागरावरचं काम सुटलं तेव्हा आमच्या घरात चूल दोनदा पेटेल की एकदाच, हे संध्याकाळी बाबा काय घेऊन येतात त्यावर ठरायचं. बाबा नाक्यावर उभे राहायचे. नाक्यावर रोज काम मिळतंच असं नाही. शेवटी भाड्याची खोली सोडावी लागली आणि आई मला घेऊन राजोडीच्या बाजूच्या कोळीवाड्यात जमनामावशीकडे गेली. तिच्या घरामागे जाळी ठेवायची एक पडवी होती, ती राहायला मिळेल का, हे विचारायला.

मावशी बोंबील वाळत घालत होती. आईचं बोलणं तिनं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. माझं बखोट धरून तिनं मला पडवीच्या दारात उभं केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात चौकटीच्या वरच्या पट्टीला लावला आणि आईला म्हणाली, "हिला वाकायला लागनार नाय लय दिवस. तुमचं दोगांचं तुमी बगा. वाकून आत येवत असेल तर या."

माझी आणि तिची ही पहिली भेट. त्या पडवीत आम्ही राहिलो, आई तिच्या अंगणात मासळी निवडायला लागली आणि मी तिथूनच शाळेत गेले, कॉलेजात गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते आणि सांगत राहणार.

जमनामावशी सगळं अंगानं मोजायची. मासा कोपरापासून मनगटापर्यंत. दोरी दोन्ही हात पसरून, वावात. पोरं तर स्वतःच्या अंगावरच लावून बघायची. "माझ्या कमरेला व्हतीस, आता काखेला लागलीस," असं ती मला भर रस्त्यात थांबवून सांगायची. पुढे घरात शिवणाची टेप आली, तिच्या सुनेनं, नयनानं आणलेली, पण मावशी तिला हात लावायची नाही. म्हणायची, "टेपला आठवन कुठं असते? हाताला असते."

मी बी.कॉम. झाले तेव्हा पेढा द्यायला गेले. पेढा तिनं तोंडात टाकला, मला जवळ ओढलं, पाठीला पाठ लावून उभं केलं आणि हातानं चाचपून बघितलं. "माझ्या वर गेलीस. आता माझ्याशी वाकून बोलायचं नाय. साहेबाशी पन नाय." नोकरीच्या पहिल्या दिवशी मी साहेबासमोर ताठ उभी राहिले ती तिच्यामुळे.

तिचा एकुलता एक मुलगा रूपेश. वाड्यात सगळ्यात उंच. कुठल्याही दारातून वाकून आत यायचा आणि आत आल्यावर उगाच पुन्हा एकदा वाकायचा, मला हसवायला. त्याचं लग्न कामणच्या नयनाशी झालं. भातशेतीवाल्यांची मुलगी, समुद्र कधी नीट बघितलेला नाही, मासळीच्या वासानं पहिले काही दिवस तोंडावर पदर धरून हिंडायची. मावशी तिला म्हणायची, "वास नाकात असतो गो. पोटात गेला की जातो." वर्षाच्या आत नयना बोंबील निवडायला मावशीच्या बरोबरीनं बसायला लागली.

आणि मग रूपेश गेला. दुसऱ्याच्या बोटीवर गेला होता, जाळं ओढताना पाण्यात पडला. वादळ नव्हतं, काही नव्हतं. बाकीचे परत आले. शोधायला बोटी गेल्या, वर पार दमणकडे कळवलं, खाली उत्तनपर्यंत विचारून झालं. काही लागलं नाही.

अंग मिळालं नाही तर आमच्या वाड्यात पुतळ्याचं कार्य करतात. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा बांधतात, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी देतात. पुतळा माणसाच्या उंचीचाच हवा, कमी नाही, जास्त नाही, आणि ते माप घरातल्यांनी दोरीनं द्यायचं. आई असेल तर आईनं. जमनामावशीनं ते माप दिलं नाही.

भटजी समजावून गेले. वाड्यातली जुनी माणसं येऊन बसली. कुणी म्हणालं, त्याच्या पँटीवरून घ्या. मावशी म्हणाली, "कपडा मानसाएवडा नसतो." कुणी फोटो काढून दाखवला, तो छातीपर्यंतचाच होता. भटजी म्हणाले, अंदाजे द्या, देव समजून घेतो. त्यावर ती जे बोलली ते वाड्यात अजून सांगतात.

"पोरगा काय अंदाजे व्हता?"

वर्षं गेली. मावशी दर भरतीला किनाऱ्यावर जाऊन यायची. रडायची नाही. नुसती जायची, पाण्याच्या रेघेवर उभी राहायची आणि परत यायची. घरात रूपेशच्या फोटोला हार नव्हता. जेवणाच्या वेळी तिसरं ताट मांडलेलं असायचं. नयना ते मांडायची आणि नयनाच ते उचलायची.

यात अडकली ती नयना. तिच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळे मणी होते, आणि नवरा कुठं आहे असं अनोळखी बाईनं विचारलं की तिला उत्तर देता यायचं नाही. कामणला तिच्या भावाच्या गोदामात एक बिजवर माणूस कामाला होता. चांगला होता. त्यानं विचारून ठेवलं होतं, थांबतो म्हणाला होता. थांबणार तरी किती. एकदा मी तिला सरळच म्हटलं, "जा ना तू. कायदा तुला अडवत नाही."

ती टोपली घासत होती. मान वर न करता म्हणाली, "कायदा नाही अडवत गं. ते ताट अडवतं. आयनं दोरी दिली नाही आणि मी गेले, तर त्या घरात तो माझ्या एकटीपुरता मेला असं होईल."



मधल्या काळात बाबा गेले. मला नोकरी लागली. तुळिंजला आम्ही स्वतःचं घर घेतलं, चौथ्या मजल्यावर, हॉल आणि एक खोली. हॉलच्या एका भिंतीला काहीच लावलं नव्हतं. मी त्या भिंतीसाठी प्रोजेक्टर आणला. स्वस्तातलाच, पावाच्या लादीएवढा, आणि त्याला लावायला नेटवरचं सगळं दाखवणारी ती बोटभर लांबीची काडी. आईला आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात बसून टीव्ही बघावा लागला होता. तिला स्वतःच्या घरात भिंतभर चित्र दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

घर बघायला आई एका रविवारी दुपारी मावशीला आणि नयनाला घेऊन आली. मावशीनं सुकटीची पुडी आईच्या हातात दिली, दाराची चौकट हातानं चाचपली, हॉल एका भिंतीपासून दुसरीपर्यंत वावात मोजला आणि म्हणाली, "बरा हाय. पाय लांब करून झोपता येल." मग सोफ्यावर मांडी घालून बसली आणि माझी खटपट बघायला लागली.

खटपट कमी नव्हती. खिडकीवर गडद चादरी लावल्या तरी कडेनं उजेड येतच होता. प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला तर चित्र सोफ्याच्या पाठीवर पडायला लागलं. स्टुलावर माझी कॉस्ट अकाउंटिंगची दोन जाडजूड पुस्तकं ठेवली, तेव्हा ते वर गेलं. पण वरून रुंद, खालून अरुंद, पतंगासारखं.

"वाकडं हाय," मावशी म्हणाली.

"सरळ करतेय."

बाजूचं चाक फिरवून ते चौकोनी केलं, तर धूसर झालं. भिंगाची कडी फिरवून स्पष्ट केलं, तर काडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. प्रोजेक्टरच्या मागच्या खाचेतून तिला पुरेशी वीज मिळत नव्हती, हे कळायला मला वेळ लागला. मग मोबाइलचा चार्जर काढून वेगळ्या प्लगमध्ये लावला, तेव्हा ती जागी झाली. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"मशीन कुठल्या बोटीचं लावलंस गो?" मावशी म्हणाली. "एवड्या वेलात माझे बोंबील सुकून बाजारात गेले असते."

"तुला बोंबील सुकवायला ऊन फुकट मिळतं, मावशी. मला इथं चादरी लावून ऊन घालवायचंय."

"शिकलेल्यांचं सगलं उलटं," ती नयनाला म्हणाली, आणि नयना हसली.

आई म्हणाली, आपल्या वाड्याची पुनव लाव, यंदाची. वाड्यातला एक शूटिंगवाला दर नारळी पौर्णिमेची मिरवणूक त्याच्या चॅनेलवर टाकतो. मी ती लावली. भिंतभर समुद्र आला. बँड, फुगड्या, रंगवलेल्या बोटी. आई नावं घेऊन माणसं ओळखत होती, मावशी कुणाचं पोट सुटलंय ते सांगत होती. व्हिडिओ संपला. मी चहाचं आधण बघायला आत गेले. मध्ये साबणाची जाहिरात लागली, ती ऐकू आली. मग पुन्हा बँड वाजायला लागला. कुणी काही दाबलं नव्हतं. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं, तसं लागलं होतं, त्याच चॅनेलवरचं, जुन्या वर्षाचं.

बाहेरचं बोलणं एकदम थांबलं, म्हणून मी बाहेर आले.

भिंतीवर रूपेश उभा होता. हातात सोनेरी कागदाचा नारळ, अंगात पांढरा सदरा, पाय वाळूत. शेजारी मावशी, हिरवं लुगडं नेसून. शूटिंगवाल्यानं इकडे बघा म्हटलं असणार, कारण दोघं सरळ आमच्याकडे बघत होती. प्रोजेक्टर लांब होता, त्यामुळे रूपेशचं डोकं छतापाशी गेलं होतं.

"थांबव त्याला," मावशी म्हणाली.

मी चित्र थांबवलं. खाली पायांवर काळी पट्टी आली, थोड्या वेळानं गेली. पंख्याची घरघर तेवढी राहिली. आई पुटपुटली, "बंद कर, पोरी." नयना दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होती.

मावशी उठली. भिंतीजवळ गेली तशी तिची सावली रूपेशच्या पोटावर पडली. ती चटकन बाजूला झाली, जसं कुणाच्या पायावर पाय पडावा तशी.

"हा एवडा नाय."

"मावशी, मशीन लांब आहे ना, म्हणून मोठं दिसतं. जवळ आणलं की लहान होतं."

"मंग जवल आन."

"किती जवळ?"

 जवळ आणला असता तर तो बुटका झाला असता, आणखी जवळ आणला असता तर मूल. मोबाइलमध्ये तो बोटाएवढा होता आणि इथं छताएवढा.  मावशीनं हिरव्या लुगड्यातल्या बाईवर हात ठेवला.

"ही मी हाय. मी केवडी हाय ते मना ठाव हाय." आणि ती वळली, भिंतीला पाठ लावून स्वतःच्या चित्रात उभी राहिली. "मना माझ्याएवडी कर."

मी स्टूल पुढे ओढलं. चित्र धूसर झालं, कडी फिरवून स्पष्ट केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा कडी. पाय फरशीवर सांडायला लागले म्हणून पुस्तकं काढून पुन्हा ठेवली. भिंतीवरची बाई हळूहळू आकसत मावशीच्या अंगावर येत होती. हिरवं लुगडं तिच्या पांढुरक्या साडीवर चढलं. जुना चेहरा नव्या चेहऱ्यावर आला, जुने डोळे कपाळावर, मग भुवयांवर. मावशीनं डोळे मिटले नव्हते. तेवढ्या उजेडात ते उघडे कसे ठेवले, मला माहीत नाही.

"लागलं," आई म्हणाली. "डोक्याला डोकं लागलं."

मावशीनं मान वळवून शेजारी बघितलं. 

"हा रूपेश नाय," ती म्हणाली. "हा बारका हाय. मशीन खोटं हाय तुजं."

तेवढ्यात भिंतीवरून दोघंही नाहीशी झाली. जास्त वेळ थांबवून ठेवलं की ती काडी स्वतःहून भलतीच चित्रं दाखवायला लागते. बर्फाचा डोंगर आला, तळं आलं. मावशीच्या अंगावर बर्फ पडला होता आणि ती शेजारी हात फिरवत विचारत होती, "कुटं गेला? आत्ता व्हता. कुटं गेला?"

 मी बटण दाबलं. रूपेश परत आला, तिथेच, तसाच.

नयना उठली. भिंतीजवळ न जाता म्हणाली, "मशीन खोटं नाही, आय. तेव्हा तू वाकत नव्हतीस. ताठ उभी राहा."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. रागावेल असं मला वाटलं. तिनं टाचा भिंतीला टेकवल्या. मग दोन्ही तळवे मागे टेकवले. कंबर, मग पाठ, मग खांदे, एकेक करून तिनं भिंतीला लावलं. कुठेतरी दुखलं असणार, ओठ घट्ट मिटलेले होते. इतक्या वर्षांत किनाऱ्यावर जाऊन जाऊन ती किती वाकली होती, ते आम्हाला तिथं, त्या भिंतीवर दिसलं. आता ती चित्रातल्या बाईपेक्षा उंच झाली होती.

"आता कर," ती म्हणाली. "लवकर कर. लय वेल नाय उभी राहनार."

मी स्टूल थोडं मागे सरकवलं. कडी फिरवली. आई काही बोलायच्या आतच आम्हाला सगळ्यांना कळलं. मावशीनं मान वळवली, आणि या वेळी तिला ती वर करावी लागली.

तिचा हात आधी भिंतीवर त्याच्या खांद्याला गेला, मग कानाला. मग ती म्हणाली, "नयना, तू सांग. तू पन उभी राहिलीस त्याच्याजवल."

नयना जागची हलली नाही. तिनं हो म्हटलं की काय होणार, ते तिला माहीत होतं, आणि विचारणारीलाही. मग ती आली. मावशीच्या दुसऱ्या बाजूनं, उजेड अडणार नाही अशी कडेनं आली आणि भिंतीला, त्याच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीपाशी, कपाळ टेकलं. तिच्या केसांवर सोनेरी कागदाचा रंग पडला.

"हां," ती म्हणाली. "इथंच लागायचं."

मावशीनं आईकडे दोरी मागितली. आमच्या घरात दोरी कुठली असणार. आईनं गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी कापून आणली. नयनानं खाली बसून एक टोक त्याच्या टाचेशी धरलं. मावशीनं दुसरं टोक वर नेलं. तिचा हात पोचेना. मी स्टूल देऊ केलं तर त्यावर प्रोजेक्टर होता. मग मी ते टोक घेऊन त्याच्या केसांपर्यंत नेलं, आणि मावशीनं खाली उभं राहून मला सांगितलं, जरा वर, जरा खाली, तिथं. गाठ तिनं स्वतः मारली. कोळणीची गाठ, पाण्यात सुटत नाही ती.

मी चित्र लहान करून बाजूला करायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"आता लहान नको करू त्याला. बंदच कर."

बंद केलं. खिडकीवरच्या चादरी काढल्या. भिंत नुसती भिंत झाली. आईनं चहा आणला, तो सगळ्यांनी प्यायला. मावशीनं दोरी हातावर गुंडाळली आणि जाताना म्हणाली, "घर बरं हाय. पन सोफा त्या भिंतीला लावू नको."  सोफा अजूनही मधेच आहे.

पुतळा किनाऱ्यावर बांधला. दोरी भटजींच्या हातात देताना मावशी म्हणाली, "हे माप हाय. अंदाज नाय." त्या दिवसापासून घरात दोन ताटं मांडली जायला लागली. मी एकदा जेवायच्या वेळेला गेले होते. नयनानं सवयीनं तिसरं काढलं, मावशीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "बस. जेव."

पुढच्या वर्षी, थंडीत, मावशी झोपेत गेली. तिला तिरडीवर बांधताना वाड्यातल्या बायका म्हणत होत्या, ही एवढी लांब कशी दिसते. मरणानं अंग सैल पडतं, असं कुणी सांगितलं. मला ती त्या भिंतीला टाचा टेकवून ताठ उभी राहिलेली आठवली.

प्रोजेक्टर मी चालू केला की त्या काडीवर आधी काय बघितलं होतं त्याच्या चौकटी येतात, आणि खाली लिहिलेलं असतं, पुन्हा पाहा. त्यांतल्या एका चौकटीत अजून दोघं उभी आहेत. ती कशी काढून टाकायची ते मला येतं. आई म्हणते, राहू दे. कधी मी स्वयंपाकघरात असले आणि एक संपून दुसरं आपोआप लागलं, बँडचा आवाज आला, तर मी गॅस बारीक करून तिथंच उभी राहते. बाहेर जात नाही. आई बाहेर असते. ती कुणाशी तरी हळू बोलत असते, आणि नंतर मी बाहेर गेले की गप्प होते.

नयना कामणला असते. त्याच माणसाशी तिचं लग्न झालं, देवळात, साधंच. तेव्हा मावशी होती. नयनाच्या आईच्या शेजारी उभं राहून तिनं नयनाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि त्या माणसाला म्हणाली, "ही माझी सून व्हती. आता मुलगी म्हनून देते."

तिनं रूपेशचं कार्य केलं, आणि नयनाचं लग्न लावून दिलं.